खाडा

'मोटिव्हेशन' या शब्दासाठी मराठीत आपण 'प्रेरणा' हा शब्द सर्रास वापरतो. अर्थाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण वाक्यात घालून पाहिले की या शब्दाची चाल निराळी असल्याचे लक्षात येते. प्रेरणा 'मिळते', 'होते', 'लाभते'. 'मी आज पहाटे पाचला उठून प्रेरणा केली' असे वाक्य कोणी म्हणणार नाही. प्रेरणा ही कुठूनतरी येणारी आणि आपल्या हाती नसलेली गोष्ट आहे, हे आपल्या व्याकरणाने केव्हाच ठरवून टाकले आहे. उलट नेम 'धरतात', वसा 'घेतात', अभ्यास 'करतात'. या क्रियापदांना कर्ता लागतो, आणि तो कर्ता सकाळी उठावा लागतो.

हा निव्वळ शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. पण तो सुचायला कारण घडले ते आमच्या स्टाफरूममध्ये. गेली आठ-नऊ वर्षे मी ट्रायथलॉनचा सराव करते. डबा उघडता उघडता कोणीतरी हमखास विचारते, 'मॅडम, रोज एवढे मोटिव्हेशन आणता तरी कुठून?' विचारणारे कौतुकानेच विचारतात. मराठी शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईने सायकलचे पंक्चर स्वतः काढावे, याचे त्यांना अप्रूप वाटते. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर कधीच नीट देता आलेले नाही; कारण प्रश्नात जे गृहीत धरलेले आहे त्याचा मला फारसा अनुभवच नाही.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. तिन्ही सलग, घड्याळ न थांबवता. कपडे आणि बूट बदलण्याचा वेळसुद्धा हिशेबात धरतात. १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे या नावाची पहिली स्पर्धा झाली. फेब्रुवारी १९७८ मध्ये हवाई बेटांवर तिचे 'आयर्नमॅन' हे अवाढव्य रूप जन्माला आले : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन. त्या दिवशी १५ जण उतरले आणि १२ जणांनी स्पर्धा पुरी केली. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा आटोपशीर प्रकार दाखल झाला. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पुरी केली तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. पुण्याच्या कौस्तुभ राडकरांनी ती पंचवीसहून अधिक वेळा केली आहे. त्याला मोहीम म्हणण्यापेक्षा वारीच म्हणायला हवे. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची स्पर्धा प्रथम झाली : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. अशा स्पर्धेला साधारण साडेआठ तासांची मुदत असते. माझ्यासारखीची झेप तिथपर्यंतच.

या खेळाविषयी बोलताना लोक थकव्याविषयी बोलतात, वेदनेविषयी बोलतात, जिद्दीविषयी तर फारच बोलतात. कंटाळ्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. वस्तुतः सरावाचा मोठा भाग कंटाळ्याचा असतो. जाणते प्रशिक्षक सांगतात की आठवड्यातला सुमारे चार-पंचमांश व्यायाम शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने करावा. दम लागेल असे काही करायचे ते उरलेल्या वेळात. म्हणजे पाच दिवसांपैकी चार दिवस आपण काही पराक्रम करत आहोत असे वाटण्याचीसुद्धा सोय नाही. मुंबई-नाशिक महामार्गाने पडघ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. येऊरचा चढ चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. दुसऱ्यांदा चढताना तेच वळण, तेच झाड, तोच चहाचा स्टॉल.

पोहण्यात तर कंटाळा अगदी शुद्ध स्वरूपात भेटतो. मी जाते तो तलाव २५ मीटरचा आहे आणि महिलांची बॅच दुपारची, तासाभराची. १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लेंथ. पाण्याखाली बोलणे नाही, ऐकणे नाही. तळाशी एक काळी पट्टी तेवढी दिसते. पहिल्या वर्षी माझा आकडा चाळिशीच्या आसपास हटकून चुकत असे. मग मी आकडे सोडले आणि वर्णमाला धरली. एका लेंथला एक अक्षर. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत, 'ळ' धरून, ३६ अक्षरे होतात. दोनदा वर्णमाला म्हटली की ७२, आणि वर क, ख, ग, घ. तेव्हापासून हिशेब चुकत नाही. 'ङ' आणि 'ञ' ही अक्षरे विद्यार्थ्यांना पहिलीनंतर सहसा भेटत नाहीत. मला ती दुपारी दोन-दोनदा भेटतात, आणि 'ङ'ला मी नेहमी खोल पाण्याच्या बाजूला पोहोचलेली असते.

अशाच एका दुपारी, 'ट' आणि 'ठ' यांच्या दरम्यान, मला मम्मट आठवला. 'काव्यप्रकाशा'तले काव्यहेतू मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. शक्ती, निपुणता आणि अभ्यास. मम्मटाच्या मते ही तिन्ही मिळून एकच हेतू होतो, तीन सुटे हेतू नव्हेत. आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मात्र वाटणी विषम असते. प्रतिभेवर तीन पाने आणि अभ्यासावर तीन ओळी. त्यांचाच दोष आहे असे नाही, आम्ही शिक्षकही अभ्यासापाशी आलो की तास संपत आलेला असतो. प्रतिभेविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ती चमकते. अभ्यासाविषयी बोलायचे काय? जन्मजात प्रतिभा नसलेल्यांनाही दंडीने वाऱ्यावर सोडलेले नाही. श्रवण-वाचन आणि परिश्रम यांच्या बळावर त्यांच्याही पदरात वाणी थोडेफार टाकते, अशी त्याची भूमिका आहे. पण तिथेही वर्गात एक करुणेचा सूर लागतो, जणू अभ्यास हे नापासांसाठीचे उत्तेजनार्थ बक्षीस. (तीन हेतू आणि तीन क्रीडाप्रकार, असे रूपक जुळवण्याचा मोह इथे होतो. तो आवरते.)

त्या दुपारी लक्षात आले ते निराळेच. अभ्यासाची व्याख्या करताना मम्मट 'पौनःपुन्य' हा शब्द वापरतो : जाणकारांच्या उपदेशाने त्या कामाकडे पुन्हा पुन्हा वळणे. पतंजलीही अभ्यासाची व्याख्या करतो, पण त्याच्या अटी कडक आहेत. दीर्घ काळ, आदराने, आणि खंड न पडता. त्याचा शब्द 'नैरंतर्य'. या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे मी इतकी वर्षे शिकवूनही पाहिले नव्हते. नैरंतर्यात खंडाला जागा नाही. पौनःपुन्यात खंड गृहीतच आहे, कारण जो कुठेतरी दुसरीकडे गेला होता तोच पुन्हा वळू शकतो. पतंजली संसारी माणसासाठी लिहीत नव्हता, हे मान्य. पण आज ट्रायथलॉनच्या दुनियेत, मोबाइलवरच्या सगळ्या अ‍ॅपांत, राज्य चालते ते नैरंतर्याचे. इतके दिवस सलग. एक दिवस चुकला की त्या दिवसाचा चौकोन लाल होतो आणि मोजणी शून्यावर येते.

माझ्या आईने हे अ‍ॅप पाहिले असते तर तिला ते अडाणीपणाचे वाटले असते.

मी सातवीत असताना, १९९० च्या चातुर्मासात, आईने लक्ष वातींचा नेम धरला होता. एक लाख वाती वळायच्या आणि कार्तिकात वाहायच्या. आमचे दीड खोलीचे घर, घरात आजी, आम्ही तिघी भावंडे, बाबांच्या बदलत्या पाळ्या. चातुर्मासाचे दिवस साधारण १२०. कोणीही सरळ भागाकार करील : दिवसाला ८३३. आईने असा भागाकार केला नाही. तिने आधी दर महिन्याचे चार असे सोळा दिवस वजा केले, कारण त्या दिवसांत तिला वातींना हात लावायला मुभा नव्हती. उरले १०४. म्हणजे दिवसाला ९६०च्या आसपास. तिने हजार धरले, वरचे चाळीस पाहुणेरावळे आणि दुखणीखुपणी यांच्यासाठी. शंभर वाती झाल्या की एक चिंचोका डब्यात. रात्री झोपण्यापूर्वी डब्यात दहा चिंचोके दिसले की दिवस संपला.

त्या शिवाशिवीचे समर्थन मी करणार नाही. आईच्या पिढीने ते सोसले, माझ्या पिढीने बव्हंशी टाकले, ते बरेच झाले. मला विस्मय वाटतो तो तिच्या हिशेबाचा. खंड पडणार हे तिने आधीच मान्य केले होते आणि त्याची किंमत रोजच्या हजारात वाटून टाकली होती. पाचव्या दिवशी ती पुन्हा वाती घेऊन बसे तेव्हा मागची भरपाई म्हणून चार हजार वळायला जात नसे. तिच्या चेहऱ्यावर अपराधही नसे आणि उत्साहही नसे. डबा ओढायची, कापूस घ्यायची. कहाण्यांतल्या वशाला शाप-उःशापाची भीती असते, वसा टाकणाऱ्यावर संकटे कोसळतात. पण प्रत्यक्ष बायकांच्या व्यवहारात अडचण, सुतक, आजारपण या सगळ्यांसाठी वाटा काढून ठेवलेल्या असत. सोळा सोमवारांत एखादा सोमवार अडचणीचा आला तर तो मोजायचा नाही, पुढचा मोजायचा. व्रत मोडले असे कोणी म्हणत नसे.

मी पहिल्यांदा अर्ध्या अंतराच्या तयारीसाठी २४ आठवड्यांचा एक तयार आराखडा मिळवला, तेव्हा तो समोर ठेवून आईचा भागाकार आठवला. त्या आराखड्यात आजारपण नव्हते, परीक्षांचे पेपर नव्हते, गणपती नव्हते, आणि पाळी तर अजिबात नव्हती. तो ज्या शरीरासाठी बेतला होता ते शरीर माझे नव्हते. चाळिशीनंतर पाळीचे वेळापत्रकच बिघडते. कधी तीन आठवड्यांनी, कधी सात, आणि आली की दोन दिवस जिना चढणे जिवावर येते. मग मी २४ आठवड्यांचे काम कागदावर १८ आठवड्यांत बसेल इतके कमी केले आणि उरलेले सहा आठवडे कोरे ठेवले. कुठले सहा, ते ठरवले नाही. तीन आठवडे वाढवत न्यायचे आणि चौथा हलका ठेवायचा, ही पद्धत प्रशिक्षक सांगतातच; मी तिच्यात आईचे चिंचोके मिसळले इतकेच.

नंतर वाचनात आले की या बाबतीत संशोधनही आईच्या बाजूने आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या; तो निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, पण माणसामाणसांत फरक प्रचंड, १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणून जे सांगतात त्याला या आकड्यांत आधार नाही. मला जास्त महत्त्वाचे वाटले ते दुसरे निरीक्षण : मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. लाल चौकोन रंगवणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोहोचलेली दिसत नाही.

पण खंडाला दुसरेही एक नाव आहे, आणि ते मला बाबांकडून मिळाले.

आम्ही वागळे इस्टेटचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी ही एक. इथल्या रस्त्यांना नावे नव्हती, आकडे होते, अजूनही आहेत. सोळा नंबर, बावीस नंबर, तेहतीस नंबर. चौकांना कंपन्यांची नावे पडली. 'नितीन कंपनी' हे एका चौकाचे नाव आहे, हे नव्याने राहायला आलेल्यांना कोड्यासारखे वाटते. बाबा १९७० साली इथल्याच एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर म्हणून लागले. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. आमच्या घरातले घड्याळ भोंग्यावर चाले. आणि त्या घरात मी लहानपणी सर्वांत जास्त भीतीने उच्चारलेला ऐकलेला शब्द म्हणजे 'खाडा'. सुट्टी वेगळी, रजा वेगळी. खाडा म्हणजे ज्या दिवशी माणूस आला नाही आणि ज्या दिवसाचे पैसे गेले तो दिवस. ताप असला तरी बाबा जात. 'खाडा नको' एवढेच म्हणत.

मराठीत कारखान्यातल्या शिफ्टला आणि बाईच्या मासिक धर्माला 'पाळी' हा एकच शब्द आहे. दोन्हींच्या मुळाशी क्रमाने येणे, वारा लागणे हा अर्थ असणार. पण आमच्या घरात एका पाळीचा खाडा आधीच वजा केलेला होता आणि दुसऱ्या पाळीचा खाडा पगारातून वजा होत होता. नैरंतर्य म्हणजे काय, ते मी पतंजलीच्या आधी बाबांच्या पंचिंग कार्डावर पाहिले. त्यात आदर नव्हता, आणि त्याला अभ्यास म्हणावे की नाही, याबद्दल मला आजही शंका आहे.

१९९७ साली कंपनी बंद झाली. सत्तावीस वर्षांनी एका सकाळी गेटला कुलूप. त्यानंतर कित्येक महिने बाबा पहाटे पाचला उठत, दाढी करत, आई डबा भरून देई, आणि ते गेटसमोर ताडपत्रीखाली बसलेल्या कामगारांत जाऊन बसत. देणी मिळायला वर्षे गेली. मी तेव्हा बी.ए.ला होते. पुढे त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, बारा तासांची, आणि त्या पगारावर माझे एम.ए. झाले. 'सातत्य हीच यशाची गुरुकिल्ली' अशी वाक्ये महाविद्यालयाच्या भिंतीवर रंगवलेली दिसतात तेव्हा मला ती वाचवत नाहीत. सत्तावीस वर्षांत ज्याचे खाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते अशा माणसाला त्या गुरुकिल्लीने कुठले दार उघडून दिले, ते मी पाहिले आहे.

म्हणून माझ्या सरावाविषयी बोलताना मला थोडे अवघडायला होते. पहाटे साडेपाचला सोळा नंबर रस्त्यावरून मी धावते किंवा सायकल बाहेर काढते, तेव्हा रस्ता रिकामा नसतो. कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे राहिले आहेत, पण पहिली पाळी आहेच. किसननगर, लोकमान्यनगरकडून बायका सफाईच्या कामावर चालत येत असतात. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक जुन्या काळ्या सायकलींवरून घरी निघालेले असतात. अंतराचा हिशेब केला तर त्यांतले काही जण आठवड्याला माझ्याहून जास्त सायकल चालवत असतील; त्यांचे अंतर कुठल्या अ‍ॅपवर चढत नाही. एकदा बावीस नंबर सर्कलपाशी मी चाकात हवा भरत उभी होते, तेव्हा साठीच्या एका रक्षकाने आपुलकीने विचारले, 'ताई, एवढ्या सकाळी कुठल्या कंपनीत?' हेल्मेट, हातमोजे, पाठीवर पिशवी. त्यांना मी पहिल्या पाळीची वाटले. मी म्हणाले, 'कंपनीत नाही काका, अशीच, व्यायामाला.' ते हसले आणि म्हणाले, 'बरं आहे.' त्या 'बरं आहे'चे वजन मी अजून तोलते आहे. माझ्या सायकलीची किंमत त्यांच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी असणार. माझा नेम घेतलेला आहे आणि त्यांचा लादलेला, हा फरक माझ्या पायांना कळत नाही. पण तो माझ्या बापाच्या बारा तासांतून मला मिळाला आहे, हे मला विसरता येत नाही.

बाबांनी माझ्या सरावाकडे कसे पाहावे, याची मला धास्ती होती. त्यांनी विरोध केला नाही, कौतुकही केले नाही. २०१७ च्या जूनमध्ये त्यांनी कपाटातून एक जुनी लांबट वही काढली, आखली आणि माझी हजेरी मांडायला सुरुवात केली. सकाळचे धावणे किंवा सायकल म्हणजे पहिली पाळी. दुपारचे पोहणे म्हणजे दुसरी. गेले तर 'ह', न गेले तर 'खा'. किती किलोमीटर, किती वेळात, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. मनगटावरच्या घड्याळात साठणाऱ्या आकड्यांपेक्षा ही वही मला जास्त आवडू लागली, कारण तिच्यात दमलेल्या दिवसाचा 'ह' आणि जोमाच्या दिवसाचा 'ह' सारखाच दिसे.

२०२० मध्ये गोव्याला जायचे ठरवले होते. मार्चमध्ये तलाव बंद झाले, त्या वर्षी स्पर्धा झाली नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. लक्ष्य नाहीसे झाल्यावर सराव कशासाठी करायचा, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. मी गच्चीवर धावत होते. चोवीस पावलांत एक बाजू संपे. खरे सांगायचे तर प्रश्न मला त्रास देत नव्हता. बाबा गेटसमोर डबा घेऊन बसत ते मला आठवे, आणि त्या दोन गोष्टी एकच आहेत की निरनिराळ्या, या विचारात फेऱ्या संपत. अजून निकाल लागलेला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये आई गेली. त्यानंतर अकरा आठवडे मी काहीही केले नाही. दोन-तीन आठवड्यांत दम कमी होऊ लागतो, अकरा आठवड्यांत तर शरीर जवळजवळ मूळ पदावर येते, हे ठाऊक होते. पण त्या ठाऊक असण्याचा काही उपयोग नव्हता. जुलैत एका सकाळी बूट घातले, रायलादेवी तलावापर्यंत चालत गेले आणि परत आले. तेव्हाही प्रेरणा वगैरे काही नव्हती. पाऊस थांबला होता, एवढेच. घरी आल्यावर वही पाहिली. या अकरा आठवड्यांत बाबांनी 'खा' किती मांडले असतील, याची मनात तयारी केली होती. तिथे 'खा' नव्हता, 'ह' नव्हता. सगळ्या रकान्यांतून उभी रेघ ओढून बाजूला त्यांच्या बारीक, तिरक्या अक्षरात लिहिले होते : 'भ. प. र.' भरपगारी रजा.

गोवा झाले ते १३ नोव्हेंबर २०२२ रोजी. मुदतीच्या आत पोहोचले. त्या दिवसाविषयी याहून जास्त लिहिण्यासारखे माझ्यापाशी नाही. ऊन होते, समुद्र खारट होता, पंधराव्या किलोमीटरनंतर मी वर्णमाला म्हणत होते. घोटाळा झाला तो परतल्यावर. पदक खुंटीला लागले आणि पुढचे पाच-सहा आठवडे कशात मन लागेना. या अवस्थेविषयी खेळाडू पुष्कळ बोलतात. आपल्या व्रतांना उद्यापन असते. आईने त्या कार्तिकात लाख वाती वाहिल्या, जेवणे घातली, आणि दुसऱ्या दिवशी चिंचोके शेजारच्या मुलांना सागरगोट्यांसारखे खेळायला देऊन टाकले. नेम धरायचा विधी जसा आहे तसा तो सोडायचाही आहे. कारखान्याला तो नव्हता, म्हणून बाबा महिनोन्‌महिने दाढी करून बसत. आणि स्पर्धेच्या शेवटच्या रेषेला लोक उद्यापन समजतात, पण ती तशी नसते. तिच्यापलीकडे फक्त केळी आणि पाण्याच्या बाटल्या असतात. मग मी आमच्या बॅचमधल्या बायकांना घरी जेवायला बोलावले. पुरणपोळी केली. बाबांनी वहीतले ते पान वळवून पुढचे आखले.

सध्या त्याच वहीत दोन नावे आहेत. गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. फिजिओथेरपिस्टने दिवसातून दोनदा, दहा-दहाचे तीन असे व्यायाम दिले आहेत; पाय ताठ करून उचलायचा, पाचपर्यंत धरायचा, सोडायचा. वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी ते माझ्या नावाखाली स्वतःची हजेरी मांडतात. मागच्या आठवड्यात सत्र परीक्षेचे पेपर तपासत होते म्हणून माझे तीन दिवस गेले. तिन्ही चौकोनांत 'खा'. बाबांनी विचारले काहीच नाही. त्यांच्या रकान्यात मात्र त्याच तीन दिवसांना 'ह'च्या पुढे काहीतरी जास्तीचे लिहिलेले होते. चश्मा लावून पाहिले, तर 'ओ. टी.'